वाड्याच्या दिंडी दरवाजाची रेव्हिट फॅमिली कशी बांधावी?

वास्तुनोंद (प्रश्न)

नमस्कार.

नाशिकच्या जुन्या गावठाणातील एका वाड्याची मोजणी करून त्याचे त्रिमितीय मॉडेल तयार करण्याचे काम सध्या आमच्या छोट्या कार्यालयाकडे आहे. भिंती, खांब, तुळया, कडीपाट आणि चौकाभोवतीच्या ओसऱ्या रेव्हिटमध्ये (इमारतींचे त्रिमितीय मॉडेल करण्याच्या आज्ञावलीत) व्यवस्थित उभ्या राहिल्या आहेत. काम अडले आहे ते देवडीच्या (प्रवेशाच्या जागेच्या) मुख्य दरवाजापाशी.

हा दरवाजा दोन झडपांचा असून उजव्या झडपेत दिंडी (माणसापुरता लहान दरवाजा) आहे. चौकट बाहेरून बाहेर २४०० मिमी रुंद आणि उंबरठ्याच्या तळापासून गणेशपट्टीच्या (चौकटीच्या वरच्या आडव्या लाकडाच्या) माथ्यापर्यंत २९०० मिमी उंच आहे. उभी लाकडे १५० मिमीची, उंबरठा आणि गणेशपट्टी प्रत्येकी २०० मिमीची. त्यामुळे आतली मोकळी जागा २१०० बाय २५०० मिमी मिळते. झडपा मात्र सारख्या नाहीत. डावी १०६५ मिमी आणि उजवी १०३५ मिमी रुंद आहे. दिंडी ६०० बाय १३५० मिमीची असून तिचा तळ उंबरठ्याच्या माथ्यापासून १५० मिमी वर येतो. भिंतीची जाडी ७५० मिमी, चौकटीची खोली १५० मिमी आणि चौकट भिंतीच्या बाहेरच्या पृष्ठभागापासून १०० मिमी आत बसवलेली आहे. आतल्या बाजूने लाकडी अडसर आहे आणि तो भिंतीतल्या लांब भोकात सरकतो.

लायब्ररीतील दुहेरी दाराची फॅमिली (मापे बदलून वापरता येणारा तयार घटक) घेऊन तीत बदल करून पाहिला, परंतु झडप उघडली की दिंडी जागच्या जागी हवेत उभी राहते. रुंदी बदलली तर दोन्ही झडपा आपोआप निम्म्या-निम्म्या होतात, आणि नकाशात दिंडीची खूण कशी दाखवावी हेही ठरत नाही. याच भागातील आणखी काही वाडे पुढे नोंदवायचे आहेत आणि त्यांचे दरवाजे याच पद्धतीचे, पण वेगवेगळ्या मापांचे आहेत. त्यामुळे एकदाच नीट बांधलेली, मापे बदलली तरी न मोडणारी फॅमिली हवी आहे. ज्यांनी असे काम केले आहे त्यांनी कृपया सविस्तर मार्गदर्शन करावे.

रेषाआखणी (प्रतिसाद)

नमस्कार वास्तुनोंद. आपण मापे इतकी नेमकी दिली आहेत, की उत्तर त्याच मापांवर देता येईल.

तयार फॅमिलीत बदल करण्याचा मार्ग येथे सोडून द्यावा, असे माझे स्पष्ट मत आहे. त्या फॅमिलीत रुंदीचे दोन समान भाग करण्याचे बंधन आधीच घातलेले असते आणि ते शोधून काढण्यात जो वेळ जातो, तेवढ्यात नवी फॅमिली उभी राहते. मेट्रिक डोअर टेम्प्लेटपासून सुरुवात करा आणि पहिल्या टप्प्यात लाकडाचा एकही तुकडा काढू नका. आधी फक्त रेफरन्स प्लेन (आकार ज्यांना बांधायचे ती आधाराची प्रतले) टाका, त्यांना नावे द्या, त्यांच्यातील अंतरांना पॅरामीटर (बदलता येणारी मापे) जोडा आणि मापे खाली-वर करून हा सांगाडा हलवून पाहा. सांगाडा कोणत्याही मापाला न कुरकुरता हलला, तरच त्याला लाकूड चिकटवायचे. दरवाजाच्या फॅमिली मोडतात त्या बहुतेक वेळा याच ठिकाणी: एक घन आकार दुसऱ्या घन आकाराला बांधलेला असतो आणि दोघांपैकी कोणीच प्लेनला बांधलेला नसतो.

आपल्या दरवाजात मूळ मापे झडपांची आहेत आणि एकूण रुंदी त्यांच्यावरून निघते. तयार फॅमिलीत याच्या नेमके उलटे असते. म्हणून ‘डावी झडप’ आणि ‘उजवी झडप’ असे दोन स्वतंत्र पॅरामीटर करा, रुंदी या अंगभूत पॅरामीटरला त्यांच्या बेरजेचे सूत्र द्या आणि रफ रुंदीला (भिंतीतल्या भोकाच्या रुंदीला) ‘रुंदी अधिक दोन उभी लाकडे’ हे सूत्र द्या. तुमच्या मापांत ते २१०० आणि २४०० असे येईल. टेम्प्लेटमधील भिंतीचे भोक मूळ रुंदीला बांधलेले असते. त्याच्या कडा सोडवून त्या चौकटीच्या बाहेरच्या प्लेनना बांधाव्या लागतील, नाहीतर चौकट भिंतीच्या पोटात घुसलेली दिसेल. उंचीचेही असेच आहे. टेम्प्लेट उंची जमिनीच्या पातळीपासून मोजते, परंतु २०० मिमीचा उंबरठा असताना ते माप चुकीचे ठरते. उंबरठ्याच्या माथ्यावर वेगळे प्लेन टाकून उंची तेथून मोजा.

चौकटीच्या जागेसाठी एक प्लेन भिंतीच्या बाहेरच्या पृष्ठभागाला अलाइन करून (जुळवून) कुलूप लावा, म्हणजे ते तेथेच बांधले जाईल, आणि त्यापासून १०० मिमी आत चौकटीचे प्लेन ठेवा. यामुळे पुढच्या वाड्यात भिंत ६०० मिमीची निघाली तरी चौकट बाहेरच्या बाजूनेच मोजली जाईल.

आता मूळ अडचण. झडपेसोबत दिंडी फिरावी आणि शिवाय स्वतंत्रपणेही फिरावी, यासाठी तीन फॅमिली एकात एक बसवाव्या लागतात: दिंडी झडपेत आणि झडप दरवाजात. झडप आणि दिंडी या जेनेरिक मॉडेल (सर्वसाधारण वस्तू) म्हणून करा, त्यांच्या गुणधर्मांत ‘वर्क प्लेन बेस्ड’ (ज्या प्रतलावर ठेवू त्याला धरून राहणे) चालू करा आणि ‘ऑलवेज व्हर्टिकल’ बंद करा. दोन्ही जमिनीवर आडव्या ठेवल्याप्रमाणे काढा, म्हणजे फळीची जाडी हीच एक्स्ट्रुजनची (आकृती ओढून केलेल्या घन आकाराची) उंची होईल.

दरवाजाच्या फॅमिलीत फिरण्यासाठी रेफरन्स प्लेन नव्हे, रेफरन्स लाइन वापरा. लाइनला टोक असते आणि ते टोक फिरण्याच्या केंद्रावर दोन्ही दिशांच्या प्लेनना अलाइन करून कुलूपबंद करता येते. प्लेनला असे निश्चित टोक नसल्याने कोन बदलला की ते भलत्याच ठिकाणाभोवती फिरते. लाइनच्या कोनाला ‘झडप कोन’ हा पॅरामीटर द्या. लाइनसोबत स्वतःची प्रतले येतात. त्यांतील उभे प्रतल वर्क प्लेन म्हणून निवडून त्यावर झडप ठेवली, की ती उभी राहील आणि लाइनसोबत फिरेल. दिंडीसाठी हीच क्रिया झडपेच्या फॅमिलीत करायची, फक्त तेथे झडप आडवी असल्यामुळे रेफरन्स लाइन समोरच्या दृश्यात काढावी लागते. ‘दिंडी कोन’ हा पॅरामीटर नंतर एकेक पायरी वर जोडत आणा. मधल्या फॅमिलीत तो जोडायचा राहिला तर सर्वांत वरून काहीच हलत नाही. कोन शून्यावर नेला तर लाइन कधी कधी उलट बाजूला पलटते, म्हणून आत एक वेगळा कोन ठेवून सूत्राने त्याला १ अंशाखाली जाऊ देऊ नका.

नकाशात त्रिमितीय झडप दाखवू नये. झडपा आणि दिंडी यांची दृश्यता आराखड्यासाठी बंद करा आणि झडपांची रेषा व कंस सिम्बॉलिक लाइनने (फक्त खुणेसाठी असलेल्या रेषांनी) सर्वांत वरच्या फॅमिलीत काढा. आत बसवलेल्या फॅमिलीतील सिम्बॉलिक रेषा तिच्या स्वतःच्या प्रतलात असतात आणि झडप उभी राहिली की त्या नकाशात दिसत नाहीत, हे येथे लक्षात ठेवावे लागते. दिंडीच्या कंसासाठी वेगळी सबकॅटेगरी करून तिला तुटक रेषा द्या. दिंडी जमिनीपासून ३५० ते १७०० मिमी या उंचीत असल्याने १२०० मिमीवरचा नेहमीचा काप तिच्यातूनच जातो. नकाशात ती दाखवणे त्यामुळे योग्यच आहे.

एक गोष्ट मात्र आवर्जून सांगतो. गणेशपट्टीवर गणपती कोरलेला असेल, तर डावे-उजवे उलटवण्याचा बाण फॅमिलीतून काढून टाका. तो बाण दाबला की रेव्हिट सगळी वस्तू आरशातल्यासारखी उलटवते आणि डाव्या सोंडेचा गणपती उजव्या सोंडेचा होतो. वारसा नोंदणीच्या कागदपत्रांत अशी चूक गंभीर आहे आणि ती कोणाच्या नजरेस सहसा येत नाही. दिंडी कधी डाव्या झडपेत, कधी उजव्या झडपेत असते. त्यासाठी दोन्हीकडे दिंडी बसवून हो-नाही प्रकारच्या पॅरामीटरने एक लपवा. दिंडी लपवली की तेथील फळीचे भोकही भरले गेले पाहिजे. त्यासाठी दिंडी नसलेली अखंड झडप वेगळी करून ठेवणे मला जास्त सोयीचे वाटते.

कोरीवकाम आणि लोखंडी फुल्या यांची त्रिमितीय जाळी थेट दरवाजाच्या फॅमिलीत आणू नका. ती वेगळ्या फॅमिलीत ठेवून फक्त ‘फाइन’ या पातळीवर दिसू द्या, अन्यथा संपूर्ण मॉडेल जड होते.

सागवान (प्रतिसाद)

रेषाआखणी यांनी सांगितलेली पद्धत अचूक आहे. मी जुन्या इमारतींच्या दुरुस्तीचे काम करतो, त्यामुळे मला बोलायचे आहे ते फिरण्याच्या केंद्राविषयी, कारण वरच्या सगळ्या रचनेचा आधार तोच बिंदू आहे.

जुन्या वाड्यांच्या मोठ्या दरवाजांना पुष्कळदा बिजागऱ्या नसतातच. झडपेच्या कडेच्या जाड लाकडालाच वर आणि खाली गोल टोके काढलेली असतात. खालचे टोक उंबरठ्यातल्या खळग्यात आणि वरचे टोक चौकटीच्या वरच्या लाकडामागे बसवलेल्या भोकाच्या ठोकळ्यात फिरते. अशा झडपेचा आस फळीच्या काठावर नसून जाडीच्या आत असतो. आपण रेफरन्स लाइनचे टोक चौकटीच्या कोपऱ्यावर ठेवले, तर मॉडेलमधली झडप आजच्या फ्लश दारासारखी उघडेल आणि प्रत्यक्षातल्या झडपेची कड जेवढी मागे सरकते तेवढी सरकणार नाही. म्हणून उंबरठ्यातल्या खळग्याचे केंद्र मोजा आणि चौकटीच्या उभ्या लाकडापासूनचे त्याचे अंतर दोन दिशांनी दोन पॅरामीटरमध्ये ठेवा. दिंडीला बहुधा लोखंडी बिजागऱ्या असतात, त्यामुळे तिच्या बाबतीत आस काठावर धरायला हरकत नाही. मात्र हेही जागेवर पाहूनच ठरवावे.

दुसरे म्हणजे कोनाची वरची मर्यादा. चौकटीमागे भिंतीची ५०० मिमी खोली उरते आणि झडपेचा आस भिंतीतल्या भोकाच्या बगलेपासून (बाजूच्या पृष्ठभागापासून) १५० मिमीच्या आसपास आहे. म्हणजे झडप ९० अंशांपुढे फार तर पंधराएक अंश जाईल आणि मग तिची पाठ भिंतीच्या कोपऱ्याला टेकेल. भिंतीच्या बगला आतल्या बाजूने तिरप्या असतील तर हे बदलते. जुन्या सुताराने आणि गवंड्याने ही गोष्ट मिळून ठरवलेली असते, त्यामुळे बगला काटकोनात गृहीत न धरता त्यांचा कोन नक्की मोजावा.

मधोमध जी उभी नक्षीची पट्टी असते, ती दोन्ही झडपांच्या मध्ये तरंगत नसते. ती एकाच झडपेला ठोकलेली असते आणि दुसऱ्या झडपेवर चढते. ती कोणत्या झडपेला आहे यावरून कोणती झडप आधी उघडते हे कळते. ही पट्टी दरवाजाच्या फॅमिलीत न काढता झडपेच्या फॅमिलीत काढा, म्हणजे ती योग्य झडपेबरोबर जाईल.

दिंडीचे प्रयोजनही नोंदीत लिहावे, अशी विनंती आहे. मोठा दरवाजा बंद ठेवून एकेका माणसाला वाकून आत घेता येते. रोजची ये-जा तिच्यातून होत असे. पुण्यात १७३२ साली पूर्ण झालेल्या शनिवारवाड्याच्या दिल्ली दरवाजाला हत्तीच्या कपाळाच्या उंचीवर अणकुचीदार खिळे आहेत आणि त्याच दरवाजाच्या एका झडपेत माणसापुरती दिंडीही आहे. वाडा लहान असो वा मोठा, दिंडीचा तळ उंबरठ्यापासून वर ठेवण्यामागे संरक्षणाचाच विचार दिसतो, आणि ते १५० मिमीचे अंतर आपल्या फॅमिलीत स्वतंत्र पॅरामीटर म्हणून असलेच पाहिजे.

वास्तुनोंद

दोघांचेही मनापासून आभार. सांगितल्याप्रमाणे सांगाडा बांधून पाहिला आणि झडप व दिंडी आता दोन्ही व्यवस्थित फिरतात. उंबरठ्यात खळगे आहेत आणि आस उभ्या लाकडापासून ४५ मिमी अंतरावर येतो, हेही जागेवर जाऊन तपासले. मधली पट्टी डाव्या झडपेला आहे.

दोन शंका उरल्या आहेत. अडसराचे भोक डावीकडच्या भिंतीत आहे आणि अडसर पूर्ण आत सरकतो, त्यामुळे त्याची खोली २७०० मिमीच्या जवळपास आहे. परंतु देवडीची आडवी भिंत डावीकडे चौकटीपासून १८०० मिमीवरच येऊन मिळते. फॅमिलीत व्हॉइड (कापणारा पोकळ आकार) काढून भिंत कापली, तर दोन्ही भिंतींच्या सांध्यात भोक अर्धवट दिसते. दुसरी शंका दरवाजांच्या तक्त्याविषयी आहे. काम देणाऱ्या संस्थेला मॉडेल आयएफसी (वेगवेगळ्या आज्ञावलींत मॉडेलची देवाणघेवाण करण्याचे खुले स्वरूप) स्वरूपातही हवे आहे आणि त्यात कोणती रुंदी जाईल, हे समजत नाही.

मुक्तरेखा (प्रतिसाद)

दुसऱ्या शंकेबद्दल लिहितो. आयएफसीच्या व्याख्येनुसार दरवाजाची एकूण रुंदी आणि एकूण उंची म्हणजे भिंतीत दरवाजा बसतो त्या भोकाला वेढणाऱ्या चौकोनाची मापे. आपल्या बाबतीत ती २४०० आणि २९०० असायला हवीत, तर रेव्हिटच्या तक्त्यात रुंदीच्या रकान्यात २१०० दिसेल. दोन्ही बरोबर आहेत, पण एकाच नावाखाली वेगवेगळ्या ठिकाणी दिसल्यास वाचणारा गोंधळतो. म्हणून तक्त्यात ‘मोकळी रुंदी’ आणि ‘चौकटीसह रुंदी’ असे दोन रकाने ठेवा आणि निर्यात झालेली फाइल दुसऱ्या एखाद्या आज्ञावलीत उघडून मूल्ये प्रत्यक्ष वाचा. झडप उघडलेल्या स्थितीत निर्यात करू नका, कारण वेढणारा चौकोन आकारावरून काढला गेल्यास उघडी झडपही त्यात धरली जाण्याची शक्यता राहते.

उघडण्याच्या प्रकारांच्या यादीत दोन झडपांच्या साध्या दाराला स्वतंत्र मूल्य आहे, परंतु झडपेतल्या दिंडीला नाही. आयएफसी ४ मध्ये ‘यूजर डिफाइन्ड’ निवडून पुढे आपले वर्णन देण्याची सोय आहे. तेथे ‘दोन झडपा, उजव्या झडपेत दिंडी’ असे स्पष्ट लिहावे. केवळ दुहेरी दार असे नोंदवले, तर या दरवाजाचे वैशिष्ट्यच नोंदीतून गळून पडेल.

हा धागा वाचणाऱ्या विद्यार्थ्यांसाठी थोडे विषयाला जोडून. ज्यांच्याकडे रेव्हिटचा परवाना नाही, त्यांना हेच काम फ्रीकॅडमध्ये करता येते. २०२४ च्या नोव्हेंबरमध्ये आलेल्या १.० या आवृत्तीपासून बिम वर्कबेंच (इमारतींच्या मॉडेलसाठीचा विभाग) मूळ आज्ञावलीतच समाविष्ट आहे. तेथे दरवाजा एका स्केचपासून बनतो: चौकटीची बाहेरची आणि आतली कड, झडपांच्या कडा अशा बंद आकृती काढायच्या आणि प्रत्येक भागाला कोणती आकृती, किती जाडी, किती मागे आणि कोणत्या कडेभोवती फिरायचे हे सांगायचे. मापे स्केचच्या बंधनांतून येत असल्यामुळे डावी-उजवी झडप असमान ठेवणे रेव्हिटपेक्षाही सोपे जाते. मात्र येथे एक भाग एकाच कडेभोवती फिरतो. झडपेचे फिरणे आणि त्यावर दिंडीचे फिरणे अशी दोन आवर्तने एकावर एक चढवता येत नाहीत. तेथे झडप मिटलेली आणि फक्त दिंडी उघडी, किंवा दिंडीसह झडप उघडी, अशा दोन वेगळ्या वस्तू करून ठेवाव्या लागतात. मोजणीच्या नोंदीसाठी तेवढे पुरते.

रेषाआखणी

अडसराच्या भोकाबद्दल. दरवाजाच्या फॅमिलीतील व्हॉइड फक्त त्या भिंतीला कापतो, जिच्यात दरवाजा बसवलेला आहे. आडवी भिंत त्याला परकी असते, त्यामुळे सांध्यात आपल्याला दिसते आहे तो प्रकार घडतो. उपाय असा, की अडसराचे भोक दरवाजाच्या फॅमिलीतून बाहेर काढा. एक वेगळी जेनेरिक मॉडेल फॅमिली करा, तीत केवळ आडवा व्हॉइड ठेवा, लांबी आणि छेद यांना पॅरामीटर द्या आणि गुणधर्मांत ‘कट विथ व्हॉइड्स व्हेन लोडेड’ चालू करा. प्रकल्पात ती जागेवर ठेवून ‘कट जॉमेट्री’ने दोन्ही भिंती एकामागोमाग एक कापा. उजवीकडे अडसराचे टोक अडकते तो छोटा खळगा मात्र दरवाजाच्याच फॅमिलीत राहू द्या. तो चौकटीजवळ आहे आणि प्रत्येक दरवाजासोबत येतोच.

भोकाच्या छेदात अडसराभोवती दोन्ही बाजूंनी थोडी मोकळीक ठेवावी. अडसर १०० मिमी चौरस असेल तर भोक १२० मिमीचे धरा, आणि आत त्याला लाकडी अस्तर आहे का हे विजेरीने पाहून घ्या. अस्तर असल्यास ते चौकटीच्या लाकडाचेच आहे की नंतरचे, हे सागवान यांच्यासारखे अनुभवी लोक छायाचित्रावरूनही सांगू शकतील, म्हणून शक्य झाल्यास छायाचित्र येथे द्यावे.

अडसर स्वतः स्वतंत्र फॅमिली म्हणून ठेवा आणि तो किती बाहेर आला आहे याला एक अंतराचा पॅरामीटर द्या. झडपा बंद दाखवताना अडसर बाहेर आणि उघड्या दाखवताना तो भिंतीत, एवढी काळजी घेतली तर छेदचित्रही प्रत्यक्षाला धरून राहील.

सागवान

छायाचित्र घेताना प्रकाश एका बाजूने तिरपा पाडावा, म्हणजे लाकडावरच्या वाकसाच्या खुणा स्पष्ट दिसतील. भोकाच्या तोंडाशी खालच्या बाजूला अडसर घासून झालेली झीज किती आहे, तेही मोजून ठेवा. ती झीज मॉडेलमध्ये आकार म्हणून दाखवण्याची गरज नाही. दरवाजाच्या फॅमिलीत ‘निरीक्षण’ नावाचा मजकुराचा पॅरामीटर करून तेथे मापासह लिहिली, की ती तक्त्यातही येईल आणि दुरुस्तीच्या वेळी आम्हाला उपयोगीही पडेल.